रोलरवर बोलायचं नाही

२ सप्टेंबर

झालो सुपरवायझर! आधीचे सुपरवायझर, आमचे उस्ताद, त्यांच्या छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी त्यांना वाफेत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. मॅनेजरांनी सकाळी मला बोलावलं. महिनाभर बघू म्हणाले. जमलं तर कायम, नाहीतर परत ट्रॉल्या ढकल. बाविसावं लागलंय, शिक्षण अर्धवट, आणि आता सकाळच्या पाळीतली नऊ माणसं माझ्या हाताखाली. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, रोजच्या पंचावन्न ट्रॉल्या — सगळं माझ्या नावावर.

लॉन्ड्रीत सगळे मला ‘कॉलेज’ म्हणतात. सोडून आलो म्हणून. आज इस्त्रीच्या रोलरवरच्या दोघी जावांपैकी थोरलीने ‘साहेब’ म्हटलं. इतक्या गोड आवाजात, की त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

आईने बाबांना सांगितलं. बाबा पेपर खाली न करता आईला म्हणाले, ‘इथून कधी पळतोय विचार त्याला.’ मी समोरच बसलो होतो. तिसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं, माफी मागायला गेलो नाही, कॉलेज सुटलं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फतच बोलतात.

तिचं लिहायचं राहिलं. ती घड्यांच्या टेबलावर असते. मान वर करून म्हणाली, ‘आता तरी वेळेवर येशील.’ बस. एवढ्यावर माझा आख्खा दिवस निघाला.

ही वही गादीखाली. कुणी वाचली तर मेलोच.

३ सप्टेंबर

उस्तादांसारखा आवाज लावून पाहिला. फजिती. धुलाई मशीनवरचे मामा — तीस वर्षं तिथेच, सगळ्या लॉन्ड्रीचे मामा — त्यांना म्हटलं, जरा हात चालवा, पुढची खेप अडलीय. ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग इतक्या शांतपणे काम करायला लागले, की दुपारपर्यंत सहा ट्रॉल्या मागे. दुसरा एखादा उलट बोलून मोकळा होतो. हे नुसते हळू होतात!

४ सप्टेंबर

मामांना आज विचारलं — मामा, आधी काय लावू, टॉवेल का चादरी? खरंच माहीत नव्हतं मला. त्यांनी दोन मिनिटं समजावलं. चारची खेप साडेतीनला बाहेर.

म्हणजे मामांना विचारायचं. ड्रायव्हरला मात्र विचारून चालत नाही. ‘निघतोस का’ म्हटलं की तो चहाला जातो. त्याला वेळ सांगायची आणि दारात उभं राहायचं. एकाला जे लागू पडतं त्याने दुसरा बिघडतो. हे कॉलेजात का शिकवत नाहीत? शिकवत असतील. मी तिथे नव्हतो.

५ सप्टेंबर

उस्तादांना बघायला गेलो. तीन उशांना टेकून बसलेले. चार शब्द बोलले की खोकतात, तरी बोलायची हौस. काही पेटलं-बिटलं तर ओरड म्हणाले, तेव्हा मतं विचारत बसलास तर माणसं भाजतील. बाकी वेळी आधी बघ. ‘मी आलो तेव्हा पहिला महिना नुसता बघत होतो, कॉलेज. कोण काय करतं. खुळ्यासारखं दिसलं तरी हात लावायचा नाही. कुणीतरी कशासाठी तरी ते लावलेलं असतं.’

हो हो म्हटलं. पण उस्ताद, मला आख्खा महिनाच एक मिळालाय! तो बघण्यात घालवू?

६ सप्टेंबर

आज मी कोण आहे ते मला कळलं.

अकराला मागच्या भिंतीवरच्या पाइपाचा जोड उडाला. वाफ! पाच पावलांवरचं दिसेना. बायका जागच्या जागी थिजल्या. आणि माझा आवाज असा निघाला — ‘खाली वाका! दाराकडे! मामा, व्हॉल्व्ह!’ नऊची नऊ माणसं एका दमात बाहेर. कुणाला ओरखडा नाही. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, याला म्हणतात हुकमत.

ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती, केस ओले झालेले. म्हणाली, ‘मी तुला ओळखलंच नाही. दुसरंच कुणीतरी ओरडतंय वाटलं.’

मला तो दुसराच आवडला.

८ सप्टेंबर

रविवार. सुट्टी. रविवार इतका लांब का असतो?

तिची एक चिठ्ठी वहीत ठेवलीय. ट्रॉलीला बांधायची चिठ्ठी — ‘चादरी ४०, अभ्रे ४०, मोजले.’ निळ्या मार्करने. त्या ‘मोजले’तला ‘ले’ तर काय आहे! छापल्यासारखं अक्षर. हॉस्पिटलचा स्टोअरकीपर म्हणतो, तुमच्या चिठ्ठीवरून चुकणं शक्य नाही. वर्षभरापूर्वी उचललेली. तिला माहीत नाही.

कामावर मी केबिनमध्ये आणि ती टेबलावर. मध्ये खांब. केबिनच्या काचेतून रोलर सरळ दिसतो, टेबल दिसत नाही. कुणी बांधली असेल ही केबिन!

९ सप्टेंबर

रोलरवरचं प्रकरण आज मिटवलं.

रोलरवर दोघी जावा. चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणून रोलरच्या तोंडाशी न्यायची आणि एकदम सोडायची. आत गेली की पलीकडे इस्त्री होऊन पडते. या दोघींचं घर एक, चूल दोन, वर्षभर अबोला. पण अबोला नुसता नावाला. धाकटी आपली भिंतीला ऐकवल्यासारखी पुटपुटते, आणि थोरलीचं दर चादरीला ‘हं’. दिवसभर हं, हं, हं. म्हैस रवंथ करते तसं.

मोठ्या हॉस्पिटलचे दोन पाहुणे मॅनेजरांबरोबर आलेले, आणि नेमकी तेव्हाच धाकटीने भिंतीला काहीतरी सुनावलं, थोरलीने चादर सोडून उत्तर दिलं. पाहुणे हसले. माझं डोकं फिरलं. शुक्रवारचा आवाज तयारच होता. उद्यापासून रोलरवर बोलायचं नाही म्हटलं. एक शब्द नाही. हूं की चूं नाही.

थोरली म्हणाली, ‘अहो साहेब, भांडण सोडा, पण ते बोलणं नाही हो, ते —’

‘तेही नाही.’

गप्प! पाहुणे गेल्यावर मॅनेजरांनी पाठीवर थाप मारली.

११ सप्टेंबर

एकसष्ट ट्रॉल्या. उस्तादांच्या काळात साठ कधी झाल्या नव्हत्या. रोलर एकदम शांत. थोरली आता नुसती हनुवटी हलवते, धाकटी तिच्याकडे बघून सोडते. चेहरे बघवत नाहीत, पण काम होतं.

१३ सप्टेंबर

दोघी जावा नळावर भांडल्या. रोलरवर तोंड बंद म्हणून बाहेर सगळं साठून निघतं. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं — दोघींना लांब ठेवणं बरं. धाकटी घड्यांच्या टेबलावर, आणि टेबलावरची ती थोरलीसमोर रोलरवर. सोमवारपासून.

सगळ्यांना पटलं. मामा काही बोलले नाहीत, पण मामा कधीच बोलत नाहीत. विचारलं तर बोलले असते. विचारलं नाही.

ती म्हणाली, ‘चिठ्ठ्या कोण लिहिणार?’

धाकटी लिहील म्हटलं.

‘तिचं अक्षर बघितलंयस?’ मग मार्करचं टोपण लावून, ‘ठीक आहे. तू साहेब.’

खरं कारण इथे लिहितो, दुसरीकडे कुठे नाही. काचेतून रोलर दिसतो.

१६ सप्टेंबर

आठ तास! आठ तास समोर. रुमाल कपाळावर बांधलाय, चादर झटकताना डोळे बारीक करते. मी हजेरीचं रजिस्टर तीन वेळा चुकलो. चारला चहा आला तेव्हा काचेवर टकटक केली आणि कप वर धरला. तिने बघितलं. हसली! थोरलीने हनुवटीने दटावलं, तरी हसली.

रोज चारला करायचं.

१७ सप्टेंबर

तिचा हात रोलरमध्ये गेला.

१८ सप्टेंबर

कामावर गेलो नाही. लिहून बघतो.

चार वाजत आले होते. रोलरच्या तोंडाशी आडवी दांडी असते, हाताचा धक्का बसला की मशीन थांबतं. थांबलं. पण दांडीच्या पलीकडे बोटं गेली की मग दांडीला कळतं. रोलर तापलेला. ती ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढला. थोरली ओरडली.

मी काचेमागे उभा. पाइपाच्या वेळी निघालेला तो आवाज — त्यातलं एक अक्षर नाही. मामा धावले. वाफ तोडली, चाक हाताने उलटं फिरवलं, तिला काढलं, पाण्याखाली धरलं. मला म्हणाले, ‘गाडी.’ मी हललो नाही. मग ड्रायव्हरला म्हणाले. ज्याला वेळ सांगून दारात उभं राहावं लागतं तो ड्रायव्हर पळत आला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. डॉक्टर म्हणतात, बाकी हात वाचेल.

उजव्या.

१९ सप्टेंबर

काही नाही.

२० सप्टेंबर

उस्तादांकडे गेलो. त्यांना कळलेलं होतं. मी उंबऱ्यात असतानाच विचारलं, ‘थोरली हं म्हणाली नाही?’

मी म्हटलं, कसलं हं?

त्यांनी आधी मला बसवलं. मग सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी या रोलरवर एकीचं मनगट भाजलं होतं. तेव्हापासून उस्तादांनीच लावून दिलेलं — चादर तोंडाशी गेली की एकीने हं म्हणायचं, हं ऐकलं की दोघींनी सोडायचं. मशीनच्या आवाजातही छातीतून काढलेलं हं ऐकू जातं. डोळे कुठेही असले तरी कानाला कळतं. ‘त्या दोघी घरात एकमेकींचं तोंड बघत नाहीत. पण त्या हंवर हात सोडतात. वर्षभर बोलणं नाही, आणि एक चादर वाकडी गेली नाही.’

मी बंद केलं म्हटलं. हूं की चूं नाही म्हणालो.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ‘एकदा विचारलं असतंस,’ म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता उरलेलं. अठराला लिहिलं नाही ते. हं नसल्यामुळे तिला थोरलीच्या हनुवटीकडे बघावं लागायचं. बघितलं नाही तर सोडायचं कधी ते कळणार नाही. आणि चारला मी काचेवर टकटक केली. कप वर धरला. तिने माझ्याकडे बघितलं.

थोरलीची पाठ केबिनकडे असते. दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.

२१ सप्टेंबर

हॉस्पिटल. दारात तीनदा मागे फिरलो. तिची आई उठून उभी राहिली, स्वतःची खुर्ची दिली मला. ‘बसा साहेब. एवढं काम टाकून आलात.’ मी बसलो. त्या उभ्या.

पलंगावरची चादर आमचीच. कोपऱ्यावर आमचा शिक्का. एक सुरकुती नाही. मंगळवारच्या आधीची असेल.

तिची आई औषध आणायला गेली तेव्हा ती बोलली. आवाज औषधाने जड झालेला.

‘माझी चूक झाली का रे, कॉलेज?’

मी मान हलवली. हो का नाही, मलाच कळलं नाही.

‘दोन वर्षं मी टेबलावरून ते हं ऐकायचे. पहिल्या दिवशी वाटलं, माझ्यासाठीही म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. मग मी त्यांच्याकडे बघत होते. सारखी बघत होते.’ उशीवर मान माझ्याकडे वळवली. ‘तू काचेवर वाजवलंस का तेव्हा? मला आवाज आल्यासारखं वाटलं. का नंतरचं मिसळतंय डोक्यात?’

‘नंतरचं असेल,’ मी म्हटलं.

‘असेल,’ म्हणाली.

तिने विश्वास ठेवला.

२३ सप्टेंबर

मॅनेजरांनी दार लावून घेतलं. चहा मागवला. मी प्यालो नाही.

गुरुवारी सरकारी निरीक्षक येणार. कागद टाइप करून तयार — ‘सदर महिला कर्मचारी कामात दुर्लक्ष करीत असताना.’ खाली पाळीप्रमुख म्हणून माझी सही. तिची चूक ठरली की तिला भरपाई नाही. नोकरी तर गेलीच. आमची ठरली तर मी जातो, आणि केस झाली तर त्यातही पहिलं नाव माझं.

मी म्हटलं, मी बोलायचं नाही म्हणून हुकूम दिला होता. तिला तिथे मी उभं केलं.

‘हे लेखी कुठे आहे?’

नाही.

‘मग ते झालं नाही.’ ओरडले नाहीत. फार प्रेमाने बोलले. ‘तू हुशार आहेस. मामांशी एक वागणं, ड्रायव्हरशी दुसरं, पाइप फुटला तेव्हा तिसरं. मी बघत होतो. प्रसंग ओळखून वागणं हेच या खुर्चीचं काम. आताचा प्रसंग गप्प राहण्याचा आहे. एवढं ओळखलंस तर एक तारखेपासून कायम.’

माझीच विद्या मला शिकवली.

कागद खिशात घेऊन आलो.

२४ सप्टेंबर

कागद आईने बघितला, म्हणजे बाबांनी बघितला.

बाबा माझ्या खोलीत आले. माझ्या गादीवर बसले — या वहीवर! दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले.

‘सही करून टाक. एकदा तरी कुठे टिक, बाळा.’

बाळा म्हणाले. किती वाट बघितली होती या आवाजाची. आणि तो यासाठी आला.

दारापर्यंत जाऊन परत वळले. ‘ती मुलगी कोण लागते तुझी?’

कुणी नाही म्हटलं. हे मात्र खरंच आहे.

२५ सप्टेंबर

रोलर दुरुस्त होऊन आज सुरू. थोरली आणि धाकटी परत समोरासमोर. सगळे उभे राहून बघत होते, मीही. थोरलीने चादर तोंडाशी नेली आणि हनुवटी हलवली. आवाज नाही.

मी जवळ गेलो. मावशी, तुमचं ते परत सुरू करा, म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. माझं चुकलं, तेव्हा ऐकून घ्यायला हवं होतं. आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती मी, सरांचीही नाही. पण निघालं.

मग विचारलं, उद्या निरीक्षकांना सांगाल का, की मी बंद केलं होतं?

थोरलीने हातातली चादर खाली ठेवली. ‘बोलू नका म्हणालात, नाही बोलले. पोरीचा हात आत जाईपर्यंत गप्पच होते. आता मोठे साहेब म्हणतात, बोलू नका. आमच्या घरात दोघी इथे कमावतो, दोघींच्यावर सात तोंडं आहेत. तुम्ही सुटाल साहेब. तुम्ही शिकलेले.’

मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, मी तुझा हुकूम ऐकला नव्हता, मशीनवर होतो. मी ऐकलेलं नाही ते कसं सांगू. खरं बोलतात. मामा कधी खोटं बोलत नाहीत.

म्हणजे कुणाकडेच काही नाही.

केबिनकडे वळलो. पाठीमागे थोरलीने आवाज काढला. हळू, छातीतून.

‘हं.’

चादर सरळ आत गेली.

२६ सप्टेंबर

मॅनेजरांच्या कागदावर सही केलेली नाही. या वहीतलं एकही पान फाडलेलं नाही. तिची चिठ्ठीही आतच आहे.

निरीक्षकसाहेब, ९, १३, १६ आणि २० तारीख बघा. बाकीचं वाचलंत तरी हरकत नाही.